ग्रुनाऊ बेबी, एक साडेतीनांश स्केल: जुन्या लाकडी ग्लायडरचं मोठं आरसी (रेडिओ कंट्रोल) मॉडेल कसं बांधायचं

पहिल्यांदाच मोठं व्हिंटेज ग्लायडर बांधायचंय, कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे, ग्रुनाऊ बेबी घ्या. मिनिमोआसारखी गलविंग ग्लायडर दिसायला फारच देखणी आहेत, मलाही मोह झाला होता, पण त्यांचे वाकडे पंख आणि गोल फ्यूजलाज, म्हणजे धड, पहिल्याच खेपेला अंगावर घ्यायचे नसतात. बेबीचं तसं नाही. फ्यूजलाज षटकोनी, म्हणजे सगळे पॅनल जवळजवळ सपाट, पंख आतल्या भागात सरळ पट्टी आणि बाहेरच्या भागात निमुळते, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून धडाशी जोडणारा तिरका दांडा. आणि मुख्य म्हणजे हे ग्लायडर मुळातच क्लबातल्या पोरांनी नकाशे समोर ठेवून स्वतः बांधावं म्हणून काढलेलं आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण बांधताना तो पदोपदी कामाला येतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनवाल्या विमानांबाबत निर्बंध आले आणि तिथली तरुण मंडळी ग्लायडरकडे वळली. सायलेशियात ग्रुनाऊ नावाच्या गावात, जे आज पोलंडमध्ये येझूव सुडेट्स्की म्हणून आहे, एडमुंड श्नायडरचा कारखाना होता आणि शेजारी ग्लायडिंग स्कूल. नावाजलेला ग्लायडर पायलट वोल्फ हिर्थ तिथे शिकवायचा, पुढे टेस्ट पायलट म्हणून गाजलेली हान्ना राइट्श तिथेच उडायला शिकली. श्नायडरने १९३१ साली बेबी काढलं, लगेच सुधारून दुसरं बेबी आलं, आणि १९३३ मध्ये कुर्ट श्मिटने पूर्व प्रशियात त्यावर सलग ३६ तास ३५ मिनिटं हवेत राहून दाखवलं. उघड्या कॉकपिटमध्ये, रात्रभर! पुढे टू-बी मॉडेल आलं, त्यात श्नायडरने एअरब्रेक दिले, म्हणजे पंखातून बाहेर येऊन ग्लायडरला लवकर खाली आणणाऱ्या पट्ट्या. आपण हेच टू-बी बांधणार आहोत, कारण उतरताना ब्रेक लागतातच.

मी पुण्याचा, लहानपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राने, वर जाणारी ग्लायडर कुंपणाबाहेरून बघितलेली, तेव्हा रोहिणी ह्या भारतीय लाकडी ग्लायडरचंच मॉडेल करायचं डोक्यात होतं. पण मॉडेल बांधायला नुसता फोटो पुरत नाही, प्रत्येक फ्रेमचं (धडातली आडवी चौकट), प्रत्येक रिबचं (पंखाला आकार देणारी फासळी) ड्रॉइंग लागतं, आणि ते बेबीचं सहज मिळतं कारण जगभर लोकांनी ते बांधलंय. म्हणून बेबी. आणि चौदा महिने बांधल्यावर माझं एकच म्हणणं बनलंय, जिथे अडाल तिथे मूळ ग्लायडरमध्ये श्नायडरने काय केलंय ते बघा आणि तसंच करा. त्याच्याकडेही लाकूड, प्लाय, गोंद आणि कापडच होतं. आपण "सुधारणा" करायला जातो तिथेच वजन वाढतं. मूळ सोडून वागायच्या जागा दोन-तीनच आहेत, त्या पुढे येतीलच.

आधी आकडे

खऱ्या टू-बीचा स्पॅन (पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) १३.५७ मीटर, लांबी ६.०९ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १४.२ चौरस मीटर, आणि माणसासकट वजन साधारण २५० किलो. एक साडेतीनांश केलं की स्पॅन येतो ३.८८ मीटर, लांबी १.७४ मीटर, क्षेत्रफळ ११६ चौरस डेसिमीटर. वजन मात्र साडेतीनाच्या घनाने भागायचं, म्हणजे ४२.९ ने, ते येतं ५.८ किलो. इतकं हलकं बहुतेकांना जमत नाही, माझं ७ किलोला गेलं, म्हणजे पंखाच्या चौरस डेसिमीटरला ६० ग्रॅम लोडिंग, आणि तेवढ्यात ते फार सुंदर उडतं. ८ किलोच्या वर गेलं तर उडेल, पण बेबीसारखं तरंगणार नाही, नुसतं पुढे पळत राहील.

साडेतीनच का? एकेक पंख १.९ मीटरचा होतो, पुढची सीट आडवी केली की साध्या हॅचबॅकमध्ये मावतो, आणि खोलीतल्या टेबलावर बांधता येतो. एक तृतीयांश केलं तर स्पॅन साडेचार मीटर होतो, मग गाडीपासून टो-प्लेनपर्यंत, म्हणजे ग्लायडरला दोरीने वर ओढणाऱ्या विमानापर्यंत, सगळंच मोठं लागतं.

ड्रॉइंग प्लॉटरवर किंवा फ्लेक्सवाल्याकडे छापून घ्याल तेव्हा फाइलमध्येच आडवी आणि उभी अशा दोन १ मीटरच्या रेघा टाकून ठेवा, आणि प्रिंट हातात आल्यावर दुकानातच स्टीलच्या टेपने दोन्ही मोजा. माझी पहिली प्रिंट उभी बरोबर होती आणि आडवी मीटरमागे ६ मिमी जास्त, म्हणजे त्यावरून डावा पंख आणि उजवा पंख वेगवेगळ्या दिशेने ठेवून बांधला असता तर दोन्हीची लांबी जुळली नसती. रिबसाठी तर प्रिंटवर भरवसाच नको, एका अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून टेम्प्लेट कापा आणि सगळ्या रिब त्यावरून काढा.

सामान

फ्यूजलाज आणि पंखाच्या पुढच्या भागाला बर्च प्लाय, ०.८ मिमी आणि थोडा ०.६. फ्रेमना ३ मिमी पुढे, २ मिमी मागे. स्पार (पंखाचा मुख्य दांडा) आणि लाँगेरॉनला (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्ट्या) मूळ जर्मनीत पाइन-स्प्रूस वापरायचे, आपल्याकडे वखारीत चांगली पाइन मिळते पण निवडून घ्यावी लागते. फळीच्या कडेने बघायचं, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत, १ मीटरमध्ये रेषा कडेबाहेर पळत असेल तर ती पट्टी स्पारला नाही, दुसरीकडे कुठेतरी. गाठ असेल तर अजिबात नाही. मी २० किलोच्या फळ्यांमधून कामाच्या पट्ट्या जेमतेम दीड किलो काढल्या, वखारवाला वैतागला, पण स्पार ही एकच गोष्ट आहे जी हवेत तुटली तर सगळंच संपतं.

प्लायची परीक्षा घरच्या गॅसवर होते. प्रत्येक शीटमधून दोन बोटांचा तुकडा कापा, पातेल्यात तासभर उकळा, काढून वाकवा. थर सुटले तर ते शीट परत. मला एका दुकानातून आलेल्या सहा शीटपैकी दोन अशा निघाल्या, बाहेरून काहीच कळत नव्हतं.

गोंद म्हणाल तर श्नायडरच्या काळात दुधातल्या केसीनपासून बनवलेला वापरायचे, त्याला ओल लागली की बुरशी धरते, म्हणून जुनं ग्लायडर दुरुस्तीला घेतलं की आधी सांधे तपासतात. आपण लाकूड-लाकूड वॉटरप्रूफ पांढरा गोंद, स्पार, स्ट्रटच्या जागा आणि धातू जिथे लाकडाला भिडतो तिथे हळू सुकणारा इपॉक्सी. सीए, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, फक्त तात्पुरतं धरून ठेवायला. सीएने जोडलेला सांधा धक्क्याला काचेसारखा तडकतो, आणि हे मॉडेल स्किडवर, म्हणजे पोटाखालच्या पट्टीवर, उतरतं, धक्के खातंच.

पंख

पंखापासून सुरू करा असं मी म्हणेन, कारण फ्यूजलाज लवकर दिसायला लागतं आणि मग पंखाचा कंटाळा येतो.

मुळात पंखाला एकच मुख्य स्पार आहे आणि त्याच्या पुढचा भाग प्लायने बंद केलेला, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी नळी, ज्याला आपण सगळे डी-बॉक्स म्हणतो. पंख वाकण्याचा जोर स्पार घेतो, पिळण्याचा जोर डी-बॉक्स घेतो, मागे नुसत्या रिब आणि कापड. ही कामाची वाटणी नीट समजून घेतली की कुठे मजबूत करायचं आणि कुठे लाकूड वाया जातंय ते आपोआप कळतं. रिबच्या मागच्या भागाला मी आधी ३ मिमी बाल्सा वापरला होता, मग २ मिमी करून त्यावर कडेला पातळ पट्टी लावली, जशी मूळ ग्लायडरला असते, आणि एका पंखात ७० ग्रॅम वाचले.

स्पारला वर-खाली १२×६ मिमी पाइन, टोकाकडे रंध्याने निमुळती करत ६×३ पर्यंत, आणि मधे प्लायचं वेब (दोन पट्ट्यांना जोडणारी उभी भिंत), पंखाच्या मुळापासून, म्हणजे धडाजवळच्या टोकापासून, स्ट्रटच्या जोडापर्यंत १.५ मिमी, पुढे ०.८. वेबच्या प्लायची रेषा उभी किंवा ४५ अंशात ठेवा, आडवी नको. दोन पंख जोडायला १० मिमीचा स्टील रॉड, पितळी नळीत, आणि नळी स्पारच्या दोन पट्ट्यांच्या मधे इपॉक्सीत बसवून वरून दोऱ्याने आवळून गुंडाळलेली. हा दोरा वगळू नका.

प्रोफाइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, ही मूळ सोडण्याची पहिली जागा. खऱ्या बेबीला ग्योटिंगन ५३५ आहे, जाड आणि खालून पोकळ, मोठ्या ग्लायडरला उत्तम, पण आपल्या आकाराला आणि वेगाला ते जरा जास्तच ब्रेक लावतं, वाऱ्याविरुद्ध पुढे सरकत नाही. मी एचक्यू मालिकेतलं साडेतीन टक्के कँबर (बाक), १४ टक्के जाडीचं प्रोफाइल घेतलं. बाजूने बघितलं तर जुनेपणा शाबूत राहतो आणि उडायला बरंच मोकळं होतं. ज्यांना अस्सलच हवंय त्यांनी ५३५ ठेवा, शांत संध्याकाळी तेही छान तरंगतं.

आता वॉशआउट. पंखाचं टोक मुळापेक्षा थोडं खाली नाक करून असायला हवं, म्हणजे वेग कमी झाला तर आधी मूळ स्टॉल होतं, तिथली उचल सुटते, पण टोकं आणि एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पाळ्या) हातात राहतात. बेबीसारख्या निमुळत्या टोकाला हे अडीच अंश ठेवा. टोकाशी कॉर्ड, म्हणजे पंखाची रुंदी, २०० मिमी असेल तर मागची कड साधारण ९ मिमी वर येते. बिल्डिंग बोर्डावर मागच्या कडेखाली लाकडी ठोकळे लावायचे, ज्या रिबपासून पंख निमुळता होतो तिथे शून्य, टोकाला ९, मधले हिशोबाने. आणि दोन्ही पंखांना तेच ठोकळे, नंबर घालून ठेवलेले.

डी-बॉक्स बंद करायचं काम सगळ्यात महत्त्वाचं. ०.८ प्लाय पुढच्या कडेवरून वळवायचा तर कोरडा तडकतो, मूळसारखी रेषा ४५ अंशात तिरकी ठेवली तरी. गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, मग ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी सोडलं की तो अर्धा वळलेलाच असतो, बाकीचं हाताला ऐकतं. ट्यूबच्या ह्याच पट्ट्या चिकटवतानाही लागतात, इतका एकसारखा दाब कुठलाच क्लॅम्प देत नाही. आधी खालचा प्लाय, मग सर्वोच्या (पाळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटर) वायरी आणि एअरब्रेकचा दांडा आत टाका, सगळं हलवून बघा, मग वरचा. वरचा चिकटवताना पंख बोर्डावर, ठोकळ्यांवर, वजनं ठेवून जखडलेला असला पाहिजे, कारण ज्या क्षणी डी-बॉक्स बंद होऊन गोंद सुकतो त्या क्षणी पंखात जो पीळ असेल तो कायमचा. मी पूर्ण दोन दिवस हलवत नाही.

कुणी म्हणेल इथे १.५ मिमी बाल्सा लावला तर निम्मं वजन. खरंय, दोन्ही पंखांत मिळून प्लाय साधारण ४५० ग्रॅम आणि बाल्सा २०० च्या आसपास. तरी मी प्लायच लावतो. पिळायला कितीतरी ताठ, गाडीत ठेवताना अंगठ्याने खड्डा पडत नाही, आणि अर्धपारदर्शक कापडाखालून तो मधाळ लाकडी रंग दिसतो ना, त्यासाठी तर हे सगळं चाललंय.

शीट जोडताना शेजारी शेजारी टोकाला टोक लावून चिकटवू नका, स्कार्फ जोड करा, खऱ्या ग्लायडरसारखा. रीत सोपी आहे. दोन शीट एकावर एक ठेवा, वरचं शीट कडेपासून १० मिमी मागे, दोन्ही टेबलाच्या धारेला समांतर, वर पट्टी दाबून क्लॅम्प. मग लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून दोन्ही पायऱ्या एकाच उतारात घासायच्या. प्लायचे थर रंगाने दिसतात, त्यांच्या रेघा सरळ आणि समांतर आल्या म्हणजे उतार बरोबर, वाकड्या आल्या म्हणजे हात एका बाजूला जास्त पडतोय. मग एक शीट उलटं करून उतारावर उतार, गोंद, खाली-वर प्लास्टिकचा कागद आणि दाब. सुकल्यावर बोट फिरवलं तर जोड कळत नाही.

एअरब्रेक मूळ शेंप-हिर्थ पद्धतीचे, तयार धातूचे मिळतात, त्यांची खाच रिब कापतानाच ठेवा. नंतर कापायला गेलात तर स्पारला करवत लागते, ते मी एका मित्राच्या पंखात बघितलंय.

फ्यूजलाज

षटकोनी आहे म्हणून सोपं, पण सरळ ठेवणं सोपं नाही. एक लांब, सरळ, कोरडी फळी घ्या, तिच्यावर मध्यरेघ ओढा, फ्रेम उलट्या उभ्या करा, प्रत्येक फ्रेमवर मध्यरेघ आखलेली हवीच, आणि नाकापासून शेपटीपर्यंत दोरा ताणून एक डोळा मिटून बघा. प्रत्येक फ्रेम गुण्याने काटकोनात. मग लाँगेरॉन, पुढे ५×५, मागे ४×४ पाइन.

इथे मी मोठी चूक केली ती सांगतो म्हणजे तुमचं वाचेल. मागच्या भागाची डावी बाजू एका रविवारी प्लायने मढवली, उजवी पुढच्या रविवारी. जुलै महिना होता. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, प्लाय आतल्या बाजूने ओला होतो, फुगतो, सुकताना ओढतो, आणि समोर विरोध करायला दुसरी बाजूच नव्हती. आठवड्याने फ्रेम बोर्डावरून सोडली तर शेपटीचं टोक ६ मिमी वाकडं आणि वर थोडा पीळ. इस्त्री, वाफ, तारा सगळं करून बघितलं, आठ दिवसांत परत तिथेच. शेवटी मागचे ६० सेंटिमीटर कापून नवीन केले. तेव्हापासून नियम असा, डावं पॅनल आणि उजवं पॅनल एकाच बैठकीत, एकाच गोंदाच्या वाटीतून, आणि पावसाळ्यात फ्यूजलाज मढवायचंच नाही, त्या दिवसांत रिब कापा, धातूकाम करा, कॉकपिट सजवा.

पंख जिथे बसतो ती कॉकपिटमागची उंच मान, तिच्या फ्रेम ३ मिमीच्या दुहेरी करा. स्ट्रटच्या खालच्या जोडाची फ्रेमही तशीच. आणि नाकात एक बंद खोका ठेवा, शिशासाठी, पुढे कळेल का.

लँडिंग स्किड मूळ अ‍ॅश लाकडाचा आणि मधे रबर. आपल्याकडे बांबूच्या तीन पातळ पट्ट्या इपॉक्सीने एकावर एक वळवून लावल्या की तितकाच लवचिक होतो, आणि रबराला जुन्या जाड स्लिपरचे तुकडे. खालून झिजायला पातळ स्टीलची पट्टी. चाक नाहीये ह्याला, खऱ्यालाही नाही, टेक-ऑफला खाली सुटी डॉली लावतात.

शेपटी, इथे हात आखडता

बेबीचं नाक आखूड आहे. नाकातलं शिसं सीजीपासून, म्हणजे गुरुत्वमध्यापासून, साधारण अर्धा मीटर पुढे आणि शेपटी एक मीटर मागे. म्हणजे शेपटीत ५० ग्रॅम जास्त झाले की नाकात १०० ग्रॅम शिसं, मॉडेल १५० ग्रॅमने जड. म्हणून शेपटीचा प्रत्येक तुकडा किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून मग लावायचा. स्टॅब (आडवी स्थिर शेपटी), एलेव्हेटर (तिची हलणारी पाळी), फिन (उभी स्थिर शेपटी), रडर (तिची हलणारी पाळी), कापडासकट सगळं मिळून ३०० ग्रॅमच्या आत. रिब १.५ मिमी बाल्सा, कडा दोन पातळ पट्ट्या ओल्या करून साच्यावर वळवून चिकटवलेल्या, सगळ्यात हलका बाल्सा इथे वापरा.

सर्वोसुद्धा शेपटीत नको. रडरला मूळसारख्याच दोन बाजूंनी पातळ स्टीलच्या केबल, सर्वो पुढे कॉकपिटच्या मागे. एलेव्हेटरला कार्बनचा दांडा, वाटेत तीन-चार ठिकाणी आधार दिलेला, नाहीतर ढकलताना लवतो.

एवढं करूनही माझ्या नाकात ६२० ग्रॅम शिसं गेलं, बॅटऱ्या नाकात ठेवून.

स्ट्रट

बरेच जण स्ट्रट शोभेला लावतात आणि सगळा भार स्पारवर टाकतात. मी म्हणतो स्ट्रट कामाचाच ठेवा, मूळात तो आहेच त्यासाठी, आणि मी वर दिलेली स्पारची मापं स्ट्रट भार घेतोय असं धरूनच आहेत. आत ८ मिमी स्टील नळी, बाहेर बाल्साचा माशासारखा आकार. दोन्ही टोकांना २ मिमी स्टीलचा पत्रा, एम४ चा बोल्ट आणि नायलॉनवाला नट. जोराच्या वळणात स्ट्रट ताणला जातो, आदळत उतरलात तर दाबला जातो, म्हणून केबल किंवा नुसता पातळ दांडा चालत नाही. लांबी स्क्रूने कमी-जास्त होईल अशी ठेवा, दोन्ही पंखांचा कल आणि पीळ शेवटी इथेच जुळवायचा असतो. पण जुळवताना स्ट्रटने पंख ओढून आणायचा नाही, पंख आपल्या जागी निवांत असताना बोल्ट बोटाने आत गेला पाहिजे.

कापड आणि रंग

मी ओराटेक्सचं जुनाट पिवळसर कापड वापरलं, इस्त्रीने चिकटतं आणि ताणतं. महाग वाटलं तर हलकं पॉलिस्टर अस्तर आणि डोपही (कापडावर लावायचं लॅकर) चालतो, वास घरभर होतो, गच्चीवर करा. प्रोफाइल खालून पोकळ असेल तर खालची बाजू आधी, आणि प्रत्येक रिबला कापड नीट चिकटलेलं हवं, नाहीतर ताणताना ते रिब सोडून सरळ होतं आणि प्रोफाइलच बदलतं. गरम करताना एक हात वरून, एक हात खालून, असं आलटून पालटून, एकच बाजू पूर्ण ताणली की इतका जपलेला वॉशआउट गेला. झाल्यावर पंख परत ठोकळ्यांवर ठेवून तपासा. फ्यूजलाजच्या प्लायला मी फक्त वॉर्निश दिलं, तीन पातळ हात, मधे ४०० नंबरने घासून. बेबी लाकडी रंगातच छान दिसतं.

पायलट साडेतीन स्केलला उभा ५० सेंटिमीटर होतो. कॉकपिट उघडं असल्यामुळे तो लपत नाही, फोमचा हलका करा. माझ्या पायलटची चामड्याची टोपी बायकोने तिच्या जुन्या पर्समधून शिवली, खरी शिलाई दिसते, आणि उडताना त्या टोपीकडेच सगळ्यांचं लक्ष जातं.

रेडिओ आणि सेटिंग

८ चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हर पुरतो. दोन बॅटऱ्या, दोन स्विच, ही कंजुषी करायची जागा नाही. सर्वो सगळे मेटल गिअरचे, एलरॉन आणि एलेव्हेटरला ६ किलोच्या वरचे. एअरब्रेकचे सर्वो बंद स्थितीत कुलूप लागल्यासारखे थांबले पाहिजेत, घूं घूं आवाज येत असेल तर दांडा अडतोय.

लांब पंखांच्या जुन्या ग्लायडरची एक सवय असते, उजवीकडे एलरॉन दिला की नाक आधी डावीकडे जातं, कारण खाली गेलेला एलरॉन जास्त ओढ देतो. म्हणून एलरॉन वर ३० मिमी आणि खाली फक्त १२ मिमी ठेवा आणि रडर मिक्स, म्हणजे एलरॉनबरोबर रडर आपोआप हलणं, ४० टक्क्यांपासून सुरू करा. खरं तर थोड्या दिवसांनी मिक्स काढून टाका आणि रडर अंगठ्याने द्यायला शिका, बेबी मुख्यतः रडरवरच वळतं. एअरब्रेक उघडले की नाक वर-खाली होतं, त्यासाठी एलेव्हेटरमध्ये थोडी भरपाई, पण ती उंचीवर बघून ठरवा, अंदाजाने घालू नका.

सीजी सरासरी कॉर्डच्या ३० ते ३३ टक्क्यांवर. आपली सरासरी कॉर्ड येते सुमारे ३० सेंटिमीटर. पहिल्या दिवशी ३० टक्केच ठेवा, मग शिसं थोडं थोडं काढत मागे न्या. पंख आणि स्टॅबच्या कोनातला फरक अडीच-तीन अंश, स्टॅबच्या बोल्टखाली पातळ चकत्या घालता येतील अशी सोय करा. डाव्या-उजव्या पंखाचं वजनही जुळवा, माझ्यात ३५ ग्रॅमचा फरक निघाला, हलक्या पंखाच्या टोकात तेवढं शिसं गेलं.

पहिला दिवस

जागा आधी बघा. आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतच्या छंदाच्या मॉडेलचा उल्लेख आहे, ते नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं, आणि डिजिटल स्काय ह्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या झोनमध्ये असली तरी ४०० फुटांची मर्यादा आहे. पुण्याभोवती लोहगाव विमानतळामुळे बरीच जागा बाद होते, लांब जावं लागतं. आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी सातला जातो, हवा अगदी स्थिर, गवत अजून उभं.

आधी गवतावर वाऱ्याविरुद्ध दोघांनी धरून पळत हलकंसं सोडून बघा, चार-पाच मीटर सरळ तरंगलं पाहिजे. मग टो. ७ किलोच्या ग्लायडरला ५० सीसी किंवा वरचं पेट्रोल टो-प्लेन, २५ ते ३० मीटर दोरी, मधे जास्त ताण आला की तुटणारा एक कमजोर दुवा, आणि नाकातला हुक जो ट्रान्समीटरवरून सुटतो. हा हुक जमिनीवर दोरी ताणून निदान दहा वेळा सोडून बघा. टो पायलटला आधीच सांगा की बेबी हळू उडतं, त्याने गॅस पूर्ण दिला तर तुमचं ग्लायडर त्याच्याही वर चढतं, त्याची शेपटी उचलली जाते, आणि मग दोघंही जमिनीकडे. तुमचं ग्लायडर टो-प्लेनच्या किंचित वर, त्याच्या वळणाच्या थोडं बाहेर ठेवा.

शंभर मीटरवर सोडलं की काहीच करू नका, दोन-तीन सेकंद नुसतं बघा ते स्वतः काय करतंय. मग ट्रिम, म्हणजे काठी सोडली तरी सरळ उडेल असं जुळवा. मग सरळ ठेवून हळूहळू एलेव्हेटर ओढत स्टॉल बघा, नाक सरळ खाली पडलं तर वॉशआउट बरोबर, एक पंख पडला तर खाली आल्यावर दोन्ही पंख परत ठोकळ्यांवर मोजायचे. एअरब्रेक एकदा अर्धे, एकदा पूर्ण, वरच उघडून बघा. उतरायचा फेरा नेहमीपेक्षा जवळ ठेवा, बेबीची सरकण मुळात १७ ला १ इतकीच आहे, वाऱ्याविरुद्ध ते मैदानापर्यंत पोचत नाही. ब्रेक अर्धे ठेवून या, म्हणजे दोन्हीकडे हात मोकळा राहतो, आणि जमिनीपासून फूटभर वर सरळ करून त्याला स्वतः बसू द्या.

बसल्यावर लगेच दुसरा टो घेऊ नका. स्ट्रटचे चारही बोल्ट बोटाने फिरवून बघा, रॉडच्या नळीशी प्लायला केसाएवढी भेग आलीय का ते टॉर्च मारून बघा, मागच्या फ्रेमजवळ हाताने हलकं दाबून कुरकुर ऐकू येते का बघा. माझ्या पहिल्या दिवशी डाव्या स्ट्रटचा खालचा नट पाव फेरा सैल झाला होता.

घरी पंख भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, महिन्याभरात पीळ धरतात. रुंद कापडी पट्ट्यांच्या झोळीत, दोन ठिकाणी आधार देऊन आडवे लटकवा, आणि जून ते सप्टेंबर बाहेरून ओल धरणारी भिंत असलेल्या खोलीत ठेवू नका.